अंटार्क्टिका की स्वालबार्ड? उतरल्यावरचा दिवस बघून ठरवा

एक दक्षिण ध्रुवाकडे, दुसरं उत्तर ध्रुवाकडचा नॉर्वेचा द्वीपसमूह. जहाजातून सफर करताना दोन्हीकडे दिवस सारखाच सुरू होतो. नाश्ता, गमबूट धुऊन निर्जंतुक करणं, रबरी झोडियाक बोटीतून किनारा, जेवणानंतर पुन्हा एक फेरी. फरक आहे तो किनाऱ्यावर.

अंटार्क्टिक द्वीपकल्पावर प्राणी शोधावे लागत नाहीत. जेंटू पेंग्विनांच्या वसाहतीचा उग्र वास आधीच नाकात शिरतो. पाच मीटर अंतर ठेवायचं, आणि बर्फातल्या त्यांच्या पायवाटेवरून ते येत असले तर आपण थांबायचं. नोव्हेंबरात अंडी, डिसेंबरअखेरीपासून पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर. एका वेळी किनाऱ्यावर १०० प्रवासीच उतरवतात, आणि ५००हून जास्त प्रवाशांच्या जहाजावरून कुणालाच उतरता येत नाही. त्यामुळे बुकिंग करताना केबिनचे फोटो नंतर बघा, आधी प्रवासीसंख्या विचारा. १८० जण असतील तर अर्धे किनाऱ्यावर, अर्धे बोटीतून हिमनगांभोवती, मग अदलाबदल.

स्वालबार्डमध्ये सगळी भिस्त नजरेवर. गाइड बंदुका घेऊन आधी उतरतात, परिसर तपासतात, मगच तुम्हाला बोलावतात. ध्रुवीय अस्वल दिसलं तर उतरणंच रद्द. २०२५पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. म्हणजे दुर्बिणीतही ते बर्फावरचा पिवळसर ठिपकाच. पण ताडोब्यात एका पाणवठ्यावर तासन् तास शांत बसून परतलेल्यांना, आणि तरी पुन्हा जाणाऱ्यांना, हा ठिपका काय असतो ते सांगायला नको. जोडीला वॉलरसचे कळप आणि आल्केफ्येलेटचे कडे, जिथे हजारो गिलेमॉट पक्षी कपारीकपारीत दाटीने बसलेले असतात. जून-जुलैत सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्री दोनलाही डेकवर या म्हणून घोषणा होऊ शकते. झोप मोडली तरी जा.

मुलं किंवा पहिलीच वेळ असेल तर मी अंटार्क्टिकाच सुचवेन. मात्र अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून निघाल्यावर ड्रेक पॅसेज या खवळत्या समुद्राचे जाता-येता दोन-दोन दिवस धरा. बोट लागणाऱ्यांना ते जड जातात. स्वालबार्डला असा ओलांडायचा समुद्र नाही, तिथल्या लाँगइयरब्येन गावी विमानाने उतरून तिथूनच जहाज. फक्त एक लक्षात ठेवा: स्वालबार्डला व्हिसा लागत नसला तरी वाट नॉर्वेतून आहे, आणि परतताना नॉर्वेत पुन्हा प्रवेश करावा लागतो, तेव्हा शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा मागा.