चार बाण, दोन खड्डे : इक्विनॉक्स 800 तीन वर्षं वापरून

आमच्या कोरेगावाकडे गुप्तधन बघायला पायाळू माणूस लागतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचा हंडा दिसतो, असं आजी सांगायची. मी पायाळू नाही, म्हणून माइनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स 800 हे मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू हुडकणारं मशीन, घेतलं. तीन वर्षांपूर्वी, सेकंडहँड, 420 पौंडांना. आता 700 आणि 900 ही नवी मॉडेल्स आल्यामुळे जुनं 800 वापरलेलं सहज मिळतं आणि इकडचे दोघेतिघे मित्र "घेऊ का रे?" म्हणून मागे लागलेत, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

मी इंग्लंडात सफकमध्ये राहतो, फेलिक्स्टो बंदरात पाळ्या करतो. सुट्टीच्या सकाळी एका शेतकऱ्याच्या रानात त्याच्या लेखी परवानगीने फिरतो. हाडाची चिकणमाती, पाऊस पडला की बुटाला किलोभर चिकटते.

मशीनचं कौतुक आधी उरकतो. वजन 1.34 किलो, तीन-चार तास फिरवलं तरी खांदा कुरकुरत नाही. तीन मीटर पाण्यात चालतं म्हणतात. मी ओढ्यापलीकडे नेलेलं नाही. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करतं, त्यामुळे ओल्या मातीतही शांत असतं. वस्तूचा आकडा उणे 9 ते 40 असा येतो. उण्यात लोखंड, वर तांबं-चांदी, मधल्या पट्ट्यात सगळा गोंधळ. चुका वापरणाऱ्याच्या.

आता मुद्द्याचं. स्क्रीनवर खोलीचे पाच बाण असतात. नवा माणूस त्यांच्यावर विश्वास टाकतो. मीही वर्षभर टाकला. चार बाण दिसले की छातीत धडधड, खोदावं तर चार बोटांवर नखाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. मग कळलं की मशीनला खोली कळतच नाही. त्याला सिग्नल किती क्षीण आहे एवढंच कळतं, आणि खाली नाण्याएवढी वस्तू आहे असं गृहीत धरून ते बाण दाखवतं. कुठलंही मशीन घ्या, हिशेब हाच. चार बोटांवरची पत्र्याची बारीक चिंधी आणि वीतभर खोल नाणं, दोघांचा आवाज सारखाच दबका. उलटंही होतं. एकदा एका बाणावर हसत हसत खोदायला घेतलं, कोपरापर्यंत हात आत गेला आणि तळाशी निघाला चेपलेला तेलाचा डबा.

इथल्या रानात चिंध्या कुठून येतात तेही सांगतो. एक म्हणजे कॅनस्लॉ : बांधावर फेकलेला कॅन यंत्राखाली येतो आणि त्याची कोशिंबीर होते. दुसरं ग्रीन वेस्ट, म्हणजे शहराच्या हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट. ते ज्या शेतात पडलं, त्या शेतात फॉइल, बॅटरीचे तुकडे आणि काय काय कायमचं मुरतं. आमच्या शेतकऱ्याने एका कोपऱ्यात ते एकदाच टाकलं होतं. तिथे मशीन लग्नातल्या वाजंत्र्यासारखं वाजतं.

क्षीण सिग्नल आला की कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची तबकडी) चार बोटं उचला, नाहीतर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा तिखटपणा, उतरवा. आवाज टिकला तर वस्तू वरच आहे, असं जो तो शिकवतो. मी दोन्ही करून पाहिलं आणि सोडून दिलं. गुडघ्याएवढ्या उंचीवरूनही बोंबलणारा डबा ओळखायला उचलणं ठीक आहे. पण दोन्ही सिग्नल मुळातच मरतुकडे असतील तर दोन्ही मरतात, कळत काहीच नाही. कॉइलच्या लाटा खाली जाणार आणि परत वर येणार, दोन्ही वेळा कमजोर होणार. कॉइलपासून दूर गेलेल्या बारीक वस्तूचं अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो. तेव्हा जोर मोजून उपयोग नाही. रुंदी मोजायची, म्हणजे आवाज किती जागेवर पसरतो ते बघायचं.

मागच्या नोव्हेंबरातली सकाळ. दहा पावलांवर दोन सिग्नल, दोन्हींना चार बाण. पहिल्यावर पिनपॉइंटचं, म्हणजे वस्तूची नेमकी जागा आवाजाने दाखवणारं, बटण दाबलं आणि कॉइल मुंगीच्या चालीने सरकवली. आवाज टिचकीसारखा उठला आणि तीन बोटांत संपला. आडवी सरकवली, तेवढाच. दुसऱ्यावर तेच केलं, तर आवाज हळूच चढला, भाकरीएवढ्या जागेवर एकसारखा राहिला आणि तितक्याच हळू उतरला, कुठे कड म्हणून नाही. आकडाही पहिल्याचा 9, 14, 11 असा नाचत होता. दुसऱ्याचा 33 वरून फार हलला नाही. (आकड्यावर एकट्यावर जाऊ नका. खोल गेलं की चांगल्या वस्तूचाही भरकटतो, आणि गंजका खिळा कधीकधी थेट चांदीचा आव आणतो. नव्वद अंशांत फिरून पुन्हा कॉइल मारली की खिळ्याचं सोंग बहुधा उघडं पडतं.)

मग खोदायच्या आधी पिनपॉइंटर काढला. हा हातातला छोटा डिटेक्टर; माझा गॅरेटचा भगवा प्रो-पॉइंटर एटी, इकडे त्याला सगळे गाजर म्हणतात. बहुतेक लोक तो खड्ड्यात घालतात. तो आधी जमिनीवर टेकवा. वरूनच वाजला तर वस्तू दोन-तीन बोटांवर आहे, खुरप्याने काम होतं. पहिल्यावर लगेच किणकिणला : कॅनस्लॉ, चंद्रकोरीसारखा. दुसऱ्यावर मुका. बुटाने चार बोटं माती बाजूला केली, कॉइल खाली टेकवली. आवाज जरासाच सुधारला. उथळ वस्तू असती तर एकदम ओरडली असती, नाहीतर बाजूच्या मातीत गेली असती. मग फावडं घातलं. वीतभर खाली, खड्ड्याच्या भिंतीत, जाडजूड तांब्याचा पेनी : 1797 चा, जुन्या लोकांच्या भाषेत "गाडीचं चाक". 36 मिलिमीटर रुंद, पुरा एक औंस वजन. बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडलेला. त्याच टांकसाळीत 1791 साली मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारचे तांब्याचे पैसेही पाडले होते. साताऱ्याच्या माणसाने सफकच्या चिखलात बसून ते चाक बोटाने पुसलं, एवढंच नातं.

आता वीतभरापेक्षा खोल मी जात नाही. नांगर जिथवर फिरला तिथवरच खोदावं असा इथला संकेत आहे, कारण त्याखाली हलवलेलं काही पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. खजिन्यात मोडेल असं काही निघालं तर 14 दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणारा इथला अधिकारी) कळवावं लागतं. 1992 साली याच सफकमधल्या होक्सनला एक माणूस शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेला आणि रोमन नाण्यांवर येऊन थांबला. थांबला म्हणून पुरातत्त्वाच्या लोकांना तो साठा नीट उकलता आला. पंधरा हजारांच्या आसपास नाणी. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आणि घरी सुट्टीवर येताना मशीन सोबत आणायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. आपल्याकडे 1878 चा कायदा अजून आहे, दहा रुपयांवरचं जमिनीतलं धन सापडलं तर कलेक्टरांना कळवायचं; आणि संरक्षित गडकोटांवर तर मशीन काढूच नये. वडील मात्र दर रविवारी फोनवर विचारतात, "काय रे, हंडा?"

माझं पहिलं मशीन ऑनलाइन घेतलेलं, नाव सांगत नाही. खोक्यावर "तीन मीटर खोल" छापलं होतं. त्याने तीन बोटांवरचा रुपया ओळखला तर नशीब. तेव्हा खोलीच्या आकड्यावर मशीन निवडू नका. पिनपॉइंटच्या आवाजातला चढउतार ऐकून निवडा, तेही हेडफोन लावून. 800 ला मी त्यासाठी पैकीच्या पैकी देतो. बाणांना शून्य देतो, ते झाकले तरी काही अडणार नाही.

पण एका ठिकाणी माझी रुंदीही फसली. ग्रीन वेस्टच्या कोपऱ्यात मुलगा माझ्यामागे येत होता. सिग्नल आला : अरुंद, टिचकी, गाजर वरूनच वाजलं. मी म्हटलं, "चल, फॉइल आहे." तो म्हणाला, "बाबा, दोन मिनिटं." त्याने खुरप्याने चिखलाचं ढेकूळ काढलं, फोडलं, आणि त्यात नखाएवढी पातळ, काळपट अर्धगोल चकती. हाताने ठोकून पाडलेला चांदीचा पेनी, बरोबर मधून कापलेला. तेराव्या शतकात सुट्टे नसले की लोक नाणंच कापायचे.

तेव्हापासून त्या कोपऱ्यातला एकही टिचकी सिग्नल तो मला सोडू देत नाही. आजवर निघालेली फॉइल घरच्या चहाच्या डब्यात साठवली आहे; डबा भरत आला, दुसरा अर्धा पेनी अजून नाही.