झिप ४०४ पुढे, ८०८ मागे: खान्देशच्या वाऱ्यात टीटीची चाकं

टीटी म्हणजे टाइम ट्रायल, एकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत. तिच्या सायकलला चाकं घेताना सगळ्यांची नजर पहिल्यांदा रिमच्या खोलीवर जाते, कारण खोल रिम हवा सहज कापते. खान्देशात आधी रस्त्याची दिशा बघावी. उन्हाळा सरता सरता पश्चिमेचा वारा जोर धरतो तो पावसाळाभर टिकतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या कुणी हौसेने उभ्या केलेल्या नाहीत. धुळे-जळगाव-भुसावळ महामार्ग पूर्व-पश्चिम, म्हणजे वारा एक तर तोंडावर नाहीतर पाठीला. धुळे-शिरपूर रस्ता जवळपास दक्षिणोत्तर. तिथे तोच वारा बगलेतून येतो, आणि सावळदेला तापीच्या पुलावर आडोसा म्हणून काही नसतं.

झिप या चाकांच्या कंपनीच्या हुकलेस (टायरची कड धरणारी आतली आकडी नसलेल्या), डिस्क ब्रेकवाल्या फायरक्रेस्ट मालिकेत ४०४ ची रिम ५८ मिमी खोल आहे आणि ८०८ ची ८० मिमी. आतली रुंदी दोन्हींची २३ मिमी. पुढे ४०४, मागे ८०८ ही जोडी या भागाला सगळ्यात फिट बसते. दोन्हीकडे ८०८ घेणाऱ्याचे पैसे पुढच्या चाकात अडकतात.

कारण साधं आहे. ताशी ४० किमीने जाणाऱ्याला १५ किमीचा आडवा वारा लागला तर चाकावर हवा साधारण २० अंशांतून येते. ३२ च्या वेगाला तोच वारा २५ अंशांवर जातो. म्हणजे जो हळू चालतो त्यालाच वारा जास्त आडवा लागतो, आणि खोल रिम घ्यायची घाईही बहुधा त्यालाच असते. सलग वाऱ्याची सवय होते. घात करतो तो झोत. फैजपूर-रावेर पट्ट्यात दोन्ही बाजूंना केळी असते तोवर सगळं शांत, बाग संपली की पुढचं चाक एकदम ओढतं. (केळीचा बाग जपायला शेतकरी कडेने शेवरी लावतो. सायकलवाल्याला तेवढीही सोय नाही.) ट्रक ओलांडून गेला की आधी वारा अडतो, मग दुपटीने आदळतो. एरोबारवर, म्हणजे पुढे वाकून धरायच्या दांड्यांवर, कोपर टेकलेले, हात जवळजवळ. हँडल सावरायला ताकदच लावता येत नाही. ५८ मिमीवर हे निभावतं. ८० मिमीला वजनाने हलका रायडर बार सोडून बाहेरच्या हँडलवर येतो, आणि चाकाने वाचवलेले सेकंद अंग उभं झाल्याने तिथेच परत जातात.

मागच्या चाकाला स्टिअरिंग नाही, वर शरीराचं वजन असतं. तिथे खोली वाढवायला हरकत नाही. पूर्ण डिस्कही (स्पोक नसलेलं भरीव चाक) चालते. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत तासाचा (एका तासात जास्तीत जास्त अंतराचा) विक्रम डिस्क चाकांवरच मोडला होता, पण ते ट्रॅकवर. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमन ट्रायथलॉनमध्ये वाऱ्यामुळे मागच्या डिस्कलाही वर्षानुवर्षे मनाई होती. वर्षाला दोन-तीनच टीटी करणाऱ्याला ८०८ पुरे, कारण ते रोजच्या सरावातही चालवता येतं. मागच्या साध्या चाकावर बसवायचं प्लास्टिकचं कव्हर स्वस्तात बरंच काम करतं, पण यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमांनी होणाऱ्या शर्यतीत ते चालत नाही. ट्रायथलॉनवाल्यांनी त्यांच्या आयोजकांना विचारून घ्यावं.

या चाकांची खरी अडचण हवेची आहे. हुकलेस रिमला कमाल दाब ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. टायरही हुकलेसला मान्य असलेलाच हवा आणि २८ मिमीचा. ७० किलोच्या रायडरला ६० ते ६५ पीएसआय पुरतात. आता जळगावचा मे महिना धरा. पहाटे २५ अंशांत ६५ भरले आणि टायरमधली हवा उन्हात ५० अंशांपर्यंत तापली की दाब ७१-७२ वर जातो, म्हणजे मर्यादेला टेकतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे ६० भरा आणि सायकल बंद गाडीत किंवा उन्हात ठेवू नका. महामार्गावरच्या ट्रकच्या कॉम्प्रेसरला तर ही चाकं लावूच नका. तिथला दाब आवरत नाही, त्याचं तोंड या चाकांच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसत नाही, आणि टायर रिमवरून उडाला की त्याला धरून ठेवायला हुक नाही.

ट्यूबलेस बसवताना टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, साबणाचं पाणी लावा आणि व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) काढून हवा मारा. सीलंट, म्हणजे पंक्चर आतून बुजवणारं द्रव, एका चाकाला ३० ते ४० मिली. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर वाळतं, तेव्हा महिन्याने एकदा व्हॉल्व्हमधून बारीक काडी घालून बघा: ओली आली तर ठीक. रस्त्याकडेला वेडी बाभूळ आहे तोवर इथे सीलंटला सुट्टी नाही.

बसवण्याआधी दोन गोष्टी मोजा. एक, २३ मिमी रुंद रिमवर २८ चा टायर फुगून २९-३० भरू शकतो, आणि टीटी फ्रेममध्ये मागच्या टायरसमोर सीट ट्यूब अगदी जवळ असते. मधल्या फटीतून ४ मिमीची ॲलन की सहज गेली पाहिजे. दोन, फ्रीहब (मागच्या हबचा कॅसेट चढवायचा भाग) तुमच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांना, जुळतो का. शिमानोची कॅसेट स्रॅमच्या एक्सडीआर फ्रीहबवर चढत नाही. चाक बदललं की मागचं डिरेलर (चेन गिअरवर सरकवणारा भाग) इंडेक्स करा, म्हणजे गिअरशी नीट जुळवा, आणि लो लिमिट स्क्रू तपासा, नाहीतर चेन स्पोकमध्ये जाते. रोटर (ब्रेकची चकती) घासत असेल तर कॅलिपर सैल करून ब्रेक दाबून धरा आणि तसाच बोल्ट आवळा.

सेकंडहँड घेताना ४०४ एवढं नाव बघून पैसे देऊ नका. याच नावाची बरीच जुनी चाकं रिम ब्रेकची आणि हुकवाली आहेत. त्यांतल्या बऱ्याच चाकांचं ब्रेकिंग कार्बनवर होतं, म्हणून कन्नड घाटाच्या लांब उतारावर ती तापतात. त्यात लॅटेक्स ट्यूब तर अजिबात नको. डिस्क ब्रेकच्या चाकांना ही भीती नाही.

जवळ ठेवायच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मागच्या ८० मिमी रिमसाठी १०० मिमीच्या आसपास हवा, किंवा एक्स्टेंडर आणि कोअर काढायची चावी हवी. एक्स्टेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या, नाहीतर हवा तिथूनच गळते. दुकानात सहसा मिळते ती ४८ मिमीवाली ट्यूब. तिचा व्हॉल्व्ह या रिममधून बाहेरही डोकावत नाही, आणि नरडाण्याच्या पंक्चरवाल्याकडे दुसरी असायची शक्यता नाही.