'मिनी कमळ' म्हणून घेतलं, निघाली कुमुदिनी

हायवेलगतच्या एका नर्सरीतून मे महिन्यात १८० रुपयांना 'मिनी कमळ' आणलं. नर्सरीचं नाव लिहीत नाही, माणूस बोलायला चांगला होता आणि मला भांडायचं नाहीये. पण त्याने दिलं ते कमळ नव्हतं, एवढं सांगायलाच हवं.

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन पानं आणि खाली मुळांचा झुबका. सोबत 'रेडी मिक्स माती'ची पिशवी, तिचे ६० रुपये वेगळे. घरी कपडे भिजवायच्या टबात ती माती घातली, पाणी ओतलं, आणि अर्ध्या तासात त्यातलं सगळं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर! पाण्याचा कोरा चहा झालेला, रोप त्यात आडवं. फोन केला तर म्हणे, "ताई, पाणी बदला." बदललं. पुन्हा चहा. पाण्यातली रोपं विकणाऱ्याला कोकोपीट तरंगतं हे ठाऊक नसावं?

शेवटी सगळं उपसून टाकलं आणि भाच्याला सांगून शेतातली चिकण माती आणवली. टबाच्या तळाशी चार बोटं माती, त्यात रोप, वर जाडसर वाळू. शेणखत घातलं नाही, पाणी सडतं त्याने. मग मातीवर ताटली उपडी ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडलं, म्हणजे गढूळ होत नाही. वाळूच्या वर सहा-सात इंच पाणी पुरतं. डासांसाठी चार गप्पी मासे सोडले. ऊन मात्र भरपूर लागतं. आधी टब कपड्यांच्या स्टँडखाली होता तेव्हा नुसती पानं येत होती. कठड्याशी सरकवला आणि २४ दिवसांत पहिली कळी आली.

फूल एक रुपयाच्या नाण्याएवढं. पांढरं, मध्ये पिवळं, आणि पाकळ्यांवर नव्या टर्किश टॉवेलसारखी लव. ती पाहिली आणि ट्यूब पेटली. हे तर कासला पाहिलंय! पठारावरून जुन्या राजमार्गाने चालत गेलं की कुमुदिनी तलाव लागतो, तिथे पाण्यावर पांढरी चादर असते, तेच हे. शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. पानं कमळासारखी तरंगतात म्हणून फसायला होतं, पण हे कमळाच्या कुळातलं नाही आणि वॉटर लिलीच्याही नाही. (संस्कृत काव्यातली कुमुदिनी चंद्र उगवल्यावर फुलते. ही दिवसा फुलते. नावांचा घोळ जुनाच आहे.)

माझं दुखणं वेगळंच. मी सव्वासातला बस पकडते तेव्हा कळी नुकती पाण्याबाहेर मान काढत असते. संध्याकाळी साडेसहाला येते तर फूल मिटून पाण्यात लोळतंय. एका फुलाचं आयुष्य एक दिवस. त्यामुळे सोमवार ते शनिवार ते सासूबाईंचं. "आज पाच होती हो," असं मला चहाबरोबर ऐकवतात. रविवारी मी स्टूल घेऊन टबाशी बसते.

फुलं येतात ती पानाच्या अगदी खालून, देठावरच्या गाठीतून. त्याच गाठीला पुढे मुळं फुटतात. असं पान देठासकट तोडून श्रीखंडाच्या डब्यात ओल्या चिखलावर टेकवलं, वर दोन बोटं पाणी ठेवलं. पंधरा दिवसांत नवं पान! म्हणजे १८० रुपयांत माझ्याकडे आता चार रोपं आहेत, त्यातलं एक समोरच्या काकूंकडे गेलंय. वाढतंही झपाट्याने. टब पानांनी गच्च भरला की विरळणी करा, पण जादा रोपं ओढ्यात-तळ्यात फेकू नका. आणि कासहून उपटून आणायचा विचारही नको, विकत मिळतंय की.

आणखी एक 'फुकट' मिळालं: पानांच्या मागे गोगलगाईंच्या अंड्यांचे चिकट ठिपके. मी पाहिलेच नव्हते. महिनाभर रोज सकाळी गोगलगाई वेचल्या.

रोपाला पाचपैकी पाच. दुकानाला दोन, तेही माणूस फोन उचलतो म्हणून. तिथे गेलात तर पुढच्या काचेच्या टाकीतलं घेऊ नका, मागे शेडनेटबाहेर सिमेंटची टाकी आहे, तिथली रोपं उन्हाला सरावलेली आहेत. पान उलटं करून बघा, नखाने ठिपके खरवडा, आणि मातीची पिशवी तिथेच ठेवून या.