वसईतील मौन रिट्रीट : एका सहभागीचा अभिप्राय

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात वसईच्या किनारपट्टीवरील एका साधनागृहात शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत मौन रिट्रीट, म्हणजे मौन पाळून करायची प्रार्थना-साधना, होते, आणि त्यात यंदा मी प्रथमच सहभागी झाले. खोली साधी पण स्वच्छ होती, जेवण घरच्यासारखे होते आणि मोबाइल पहिल्याच संध्याकाळी कार्यालयात जमा करावा लागला. सोयींविषयी याहून अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

रिट्रीटचा गाभा येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नासियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेवर आधारलेला होता. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यात सांगितलेली ही प्रार्थना पाच पायऱ्यांची आहे : देवाचे आभार मानणे, स्वतःला पाहण्यासाठी त्याच्याकडे प्रकाश मागणे, उठल्यापासूनचा दिवस तासातासाने आठवणे, चुकले तेथे क्षमा मागणे आणि पुढच्या दिवसासाठी निश्चय करणे. लहानपणापासून मी आत्मपरीक्षण म्हणजे प्रायश्चित्त संस्काराआधी, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याआधी, करायची पापांची मोजदाद असेच समजत आले होते. येथे मात्र रिट्रीट घेणाऱ्या फादरांनी आरंभ आभारांपासून करायला लावला, आणि त्या एका बदलाने संपूर्ण दिवसाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली, कारण जे मिळाले ते आधी आठवले की ते देणारा कोठे उभा होता हेही हळूहळू दिसू लागते.

शनिवारी सकाळी मननासाठी लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांचा प्रसंग दिला होता. मरणातून उठलेला प्रभू येशू वाटभर त्यांच्यासोबत चालतो, शास्त्र उलगडून सांगतो, तरीही ते त्याला ओळखत नाहीत. भाकर मोडताना ओळख पटते, आणि वाटेत आपले अंतःकरण पेटले होते हे त्यांच्या तेव्हा ध्यानात येते. देवाचे सान्निध्य पुष्कळदा मागे वळून पाहताना कळते, हे मला त्या वाडीत नारळाच्या झाडाखाली बसून प्रथमच नीट उमगले. त्याहून मोलाचे फादरांनी पुढे दाखवले : ओळख पटताच ते दोघे त्याच घटकेस उठले आणि रात्र होत असतानाही यरुशलेमेकडे परत निघाले.

या रिट्रीटची खरी पारख मला सोमवारी झाली. रात्री दिवस आठवताना आभार मानण्याजोगे बरेच सापडले : विरार लोकलच्या गर्दीत एका अनोळखी बाईने सरकून दिलेली चौथी सीट, कार्यालयातील सहकारिणीने न मागता उचललेले काम. मात्र सासऱ्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितले असता मी ‘नंतर’ म्हणाले होते, आणि ते नंतर आलेच नव्हते. त्यांची दृष्टी अधू झाली आहे. मंगळवारी स्वयंपाकाला लागण्याआधी मी त्यांच्याजवळ बसले आणि अग्रलेखापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. तेव्हापासून हा नेम चालू आहे, आणि तीन-चार वेळा तो मोडला तेही रात्रीच्या प्रार्थनेतच ध्यानात आले.

दोन उणिवा मात्र स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. प्रत्येकाला मार्गदर्शकाबरोबर बोलण्यासाठी केवळ पंधरा मिनिटे मिळाली. मनात दीर्घकाळ दाबून ठेवलेले कोणी मांडू लागले, तर एवढा वेळ पुरत नाही. दुसरी उणीव मला अधिक खटकली. मननाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या, आणि आमच्या गटातील दोन वृद्ध स्त्रिया, ज्यांची सारी प्रार्थना मराठीत आणि घरातले बोलणे कादोडी या वसईच्या बोलीत चालते, त्या पाने नुसती हातात धरून बसल्या होत्या. गोव्यात राहिलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. अशी परंपरा मागे असताना चार पानांची मराठी पुस्तिका काढणे अवघड नाही. हे मी संचालकांना समक्ष सांगितले आणि त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतले.

नोकरी व घर सांभाळणाऱ्या स्त्री-पुरुषांनी हे रिट्रीट अवश्य करावे. जाताना स्वतःचे मराठी बायबल आणि एक कोरी वही न्यावी, आणि परतल्यावर निदान पहिला आठवडा रात्रीची पंधरा मिनिटे दुसऱ्या कोणत्याही कामाला देऊ नयेत. मराठी पुस्तिका निघाल्यास पुढील उपवासकाळात मी माझ्या आईला घेऊन पुन्हा जाणार आहे.