एक्स खाडीकाठची सायकलवाट: हिवाळा-उन्हाळा दोन्ही काढल्यावर

इंग्लंडमधल्या एक्सिटरला नवीन आलेलं कुणीही थोड्याच दिवसांत विचारतं की सायकल घेऊ का आणि ती खाडीकाठची वाट खरंच एवढी भारी आहे का. आहे, पण सगळीकडे नाही. मी एक्समथ बाजूला राहते, ऑफिस एक्सिटरात, मागचा हिवाळा आणि हा उन्हाळा दोन्ही याच वाटेवर काढलेत, कधी ऑफिससाठी, कधी नुसतंच हुंदडायला, तेव्हा जरा लांबण लावणारे, चहा घेऊन बसा.

वाट एक्समथहून निघते, लिंपस्टन, एक्स्टन, टॉप्शम करत एक्सिटरच्या धक्क्यावर येते आणि मग दुसऱ्या काठाला कालव्याच्या कडेने टर्फ, पाउडरम, स्टारक्रॉसवरून डॉलिश वॉरनकडे उतरते. घोड्याच्या नालेच्या आकाराची म्हणा ना, खाडी मधे. राष्ट्रीय सायकल जाळ्यातला हा २ नंबरचा मार्ग, निळ्या पाटीवर लाल चौकोनात २ दिसला की समजायचं बरोबर चाललोय.

आधी चांगलं. पूर्वेकडचा काठ म्हणजे पैसा वसूल. टॉप्शमच्या खालच्या अंगाला क्लिस्ट नदी खाडीला मिळते, तिथे पूल बांधून वाट दलदलीवरून अलगद पलीकडे नेलीये, शेजारी रेल्वे, बाकी नुसता चिखल आणि पक्षी. ओहोटीला तो चिखल चकाकत असतो आणि थंडीत त्यात अ‍ॅव्होसेट उतरतात, काळेपांढरे, चोच वर वळलेली, मान हलवत चिखल चाळत बसतात. इथल्या रेल्वेलाइनचं नावसुद्धा अ‍ॅव्होसेट लाइनच आहे. ऑफिसला जाताना हे बघायला मिळतं म्हणून समोरून येणारा वारा सहन करायचा, आणि वारा कायम समोरूनच असतो हे आधीच सांगून ठेवते.

आता गडबड कुठे होते, तर सांध्यांवर. मोकळी रुंद वाट सुरू असते आणि एकदम एक्स्टन किंवा लिंपस्टनच्या गल्लीत सोडून देते, दोन्ही बाजूंना घरं, समोरून व्हॅन, वळणावर काही दिसत नाही. मी मोठी बाई सांभाळून घेते, पण आठ वर्षांचं पोर सायकलवर असेल तर त्या जेमतेम पाच-दहा मिनिटांसाठी आयांचा जीव टांगणीला. काउंटेस वेअरला मोठा वाहता रस्ता ओलांडायचा, मग कालव्याचा काठ सुंदर, तो टर्फपर्यंत, आणि पुढे पाउडरमनंतर परत रस्ता. पूल झाले, फोटो निघाले, पण वाटेची लायकी तिच्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून ठरते ना, घरचे लोक तोच तुकडा लक्षात ठेवून परत यायला नको म्हणतात.

स्टारक्रॉसची तर वेगळीच कथा. तिथून खाडीपलीकडे एक्समथला तर, म्हणजे फेरीबोट आहे, कोकणातल्या माणसाला हे सांगायला नकोच, सायकल घेऊन बसता येतं, पण धक्का रुळांच्या पलीकडे, म्हणजे स्टेशनच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या सायकल उचलून चढा आणि उतरा. साधी हायब्रिड सायकल ठीक, कुणाची वीस-पंचवीस किलोची ई-बाइक असली की पायऱ्यांवर जाम होतो. पायऱ्यांच्या कडेला चाकासाठी एक पन्हळ टाकली तरी भागेल, किती खर्च येणारे त्याला! ही फेरीबोट साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, हिवाळ्यात सगळा वळसा घाला नाहीतर ट्रेन.

घोड्यांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. लिंपस्टनच्या वरच्या अंगाला वुडबरी कॉमन हे मोकळं माळरान आहे, तिथे घोडवाटांचं जाळं. पाट्यांवरच्या बाणांचे रंग पाठ करा: पिवळा म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, तिथे सायकलचा हक्क नाही, निळा म्हणजे घोडवाट, तिथे १९६८ च्या कायद्याने सायकलला परवानगी, पण चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी जाऊ द्यायचं. एकदा घोड्यावर बसलेल्या एका आजींच्या मागून मी टिंगटिंग घंटी वाजवत गेले, घोडा दोन पावलं आडवा झाला, त्यांनी शांतपणे सांगितलं, बोलत ये गं, आवाज आला की त्याला कळतं माणूस आहे. तेव्हापासून मी लांबूनच हॅलो म्हणते आणि चक्क हवापाण्यावर बोलत पुढे जाते. त्यांचं दुसरं म्हणणं मला पटलं, की सुधारणा म्हणजे सगळीकडे डांबर हा हट्ट नको, बाबागाडी आणि व्हीलचेअरला गुळगुळीत बरं, पण नाल त्यावर घसरते, जागा असेल तिथे बाजूला मातीचा पट्टा सोडावा. आणि फाटकं! घोडवाटेवरचं फाटक कायद्याने किमान ५ फूट रुंद हवं, पण खटका एवढा खाली की स्वाराला उतरावंच लागतं, तर लांब दांडा लावा की, खोगिरावरून हात पोचेल असा.

एक खटकणारी गोष्ट: वाट जितकी चांगली तितकी गर्दी, आणि मोकळे कुत्रे थेट चिखलात पक्ष्यांच्या मागे. एक्समथजवळ १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर पक्ष्यांसाठी राखलेला पट्टा आहे, तिथे जाऊ नका अशी विनंती असते, सक्ती नाही. खाडीपासून १० किलोमीटरच्या आत नवीन घर बांधलं की बिल्डरकडून या निसर्गासाठी पैसे घेतात, त्यातून वॉर्डन वगैरे ठेवतात. कल्पना उत्तम. रविवारी दुपारी कुत्री त्या वॉर्डनलाही ऐकत नाहीत.

खड्डा-चिखलाची तक्रार ऑनलाइन करता येते, माझ्या एका तक्रारीचं उत्तर येईपर्यंत तो खड्डा कुणीतरी स्वतःच खडीने भरून टाकला. तरी तक्रार करत राहा, कारण २००० च्या कायद्याने स्थानिक खात्यांना या वाटांचा सुधारणा आराखडा करावाच लागतो आणि दर १० वर्षांनी तपासावा लागतो, तेव्हा कागदावर काहीतरी असलेलं बरं.

पहिल्यांदा जाणार असाल तर टॉप्शम ते लिंपस्टन करा, परत ट्रेनने या. सायकलला डब्यात जागा मोजकी असते, शनिवारी दुपारची गाडी टाळा. मडगार्ड लावलेलं नसेल तर पांढरी पँट नको.