छियेनलोंगच्या शिक्क्याची कुपी

हाँगकाँगला येणारे आपले बरेच लोक हॉलीवूड रोडला चक्कर मारतात आणि खाली कॅट स्ट्रीटवर काहीबाही घेतात. शे-दोनशे डॉलरची गंमत असेल तर खुशाल घ्या. पण 'जुनी चिनी काच' म्हणून कोणी हजारोंची वस्तू पुढे केली, तर आधी हे वाचा.

मला विकली गेली ती तपकिरीची कुपी. दुधी काचेवर लाल थर, त्यात कोरलेले मासे नि कमळं, तळाला छियेनलोंग बादशहाचा (1736–1795) चार अक्षरी शिक्का. किंमत 6,800 हाँगकाँग डॉलर. दुकानदार मोठा वस्ताद. आधी त्याने माझ्या हातातली दुसरीच कुपी काढून घेतली, "सर, ही नवी आहे, तुम्हाला नाही देणार." स्वतःच्याच मालाला नकली म्हणणाऱ्यावर कोण संशय घेणार? मग कापडात गुंडाळलेली 'खरी' बाहेर आली, सोबत शांतुंगमधल्या बोशानहून पळून आलेल्या आजोबांची कहाणी. बोशान हे काचेचं जुनं गाव. ते मला माहीत आहे, हे पठ्ठ्याने गप्पांत आधीच काढून घेतलं होतं!

ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कुपी भिंगाखाली धरली आणि हसले. कांग्शी बादशहाने 1696 मध्ये किलियान श्टुंफ या जर्मन जेझुइट पाद्र्याच्या हाताखाली राजवाड्याचा काचकारखाना काढला. तिथलं आणि त्या परंपरेतलं कोरीवकाम फिरत्या चाकावर घासून होतं, त्यामुळे नक्षीच्या कडा तीक्ष्ण असतात. माझ्या माशांच्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या गुळगुळीत. तळावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेने, म्हणजे पॉलिश पेपरची कृपा. शिक्काही कोरलेला नव्हे, आम्लाने खाल्लेला, सपाट. शेवटी त्यांनी तापलेली सुई लाल थराला टेकवली. सुई आत रुतली आणि प्लास्टिकचा वास सुटला.

दुकानात परत गेलो तर दुकानदारसाहेबांचा सूरच बदललेला. "जुनी आहे असं बिलावर लिहिलंय का?" बिलावर होतं: काचेची बाटली, 1 नग. सोबतच्या फोटोवाल्या प्रमाणपत्रावर कुणाचा पत्ताच नाही. कार्डाच्या बँकेनेही बिल बघून हात वर केले.

बिलावर काळ लिहून मागा, आणि वस्तू तशी न निघाल्यास पैसे परत, हेही. टाळाटाळ झाली की निघा.

आतून चित्र रंगवलेल्या कुप्यांचा धंदा तर याहून जोरात आहे. वाकड्या टोकाच्या लेखणीने आतून रंगवायची ही कला बहरली एकोणिसाव्या शतकात, तरी त्यांच्याही तळाला सर्रास छियेनलोंग! मुख्य चीनमध्ये निर्यातीला परवानगी मिळालेल्या जुन्या वस्तूंवर लाल लाखेची सरकारी मोहोर असते, पण तशी लाख नकली मालावरही चिकटवतात. नुसती मोहोर पाहून पाकीट काढू नका.