जुन्या ट्रकला एलईडी हेडलाइट: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

गाडी टाटा २५१८, दहा चाकी, २४ व्होल्टची. हेडलाइटचा मूळ बल्ब एच-४ (एकाच बल्बमध्ये अप्पर म्हणजे लांबचा आणि डिपर म्हणजे खालचा झोत), ७५/७० वॉट हॅलोजन. रस्ता बहुतेक वेळा इंदूर ते धुळे आणि पुढे मुंबई: राऊ सोडलं की मानपूरचा उतार, धामनोद, खलघाटला नर्मदेचा पूल, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर. अधूनमधून सिमरोल-बडवाह बाजूचा रस्ता. एलईडी बल्ब पावसाळ्याच्या तोंडावर बसवले, आता थंडी सरली आहे. या काळात काय टिकलं, काय बदलावं लागलं आणि उजेड नेमका कशाने वाढला, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

जुन्या गाडीत उजेड कमी पडतो तेव्हा दोष बल्बचा असतोच असं नाही. आमच्या गाडीत वाढलेल्या उजेडाचा मोठा वाटा वायरिंग दुरुस्त केल्याने मिळाला, एलईडी त्यानंतर आला. म्हणून बल्ब विकत घेण्याआधी मल्टीमीटर हातात घ्या.

मोजायचं असं. इंजिन चालू, थोडी रेस, हेडलाइट लागलेली. आधी बॅटरीवर व्होल्टेज बघा. मग कपलर (बल्बच्या मागचा वायरींचा प्लग) बल्बलाच लावलेला ठेवून त्याच्या मागच्या बाजूने मीटरचं टोक घालून पिनांवर बघा. कपलर काढून मोजलंत तर पूर्ण व्होल्टेज दिसेल आणि फसगत होईल, कारण करंट वाहत नसताना वायरमध्ये व्होल्टेज पडतच नाही. आमच्याकडे बॅटरीवर २७.८ आणि बल्बवर २४.६ होतं. ३.२ व्होल्टची घट ऐकायला किरकोळ वाटते, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज साडेअकरा टक्क्यांनी उतरलं की उजेड जवळपास एक तृतीयांश कमी होतो. एच-४ च्या २४ व्होल्ट बल्बचा प्रमाणित उजेड २८ व्होल्टवर डिपरला १२०० आणि अप्परला १९०० लुमेन (उजेड मोजण्याचं एकक) धरलेला आहे. बल्बपर्यंत साडेचोवीसच पोचत असतील, तर नवा बल्बही मंदच दिसणार.

घट कुठे होते तेही मीटरच सांगतो. एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं बल्बच्या प्लस पिनला लावा, लाइट चालू ठेवा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वायरीत गेले. तसंच बल्बची अर्थ (मायनसची) पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजा. कुठल्याही बाजूला अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त आलं तर ती बाजू दुरुस्त करायची. जुन्या ट्रकमध्ये प्लसची घट बहुतेक कॉम्बिनेशन स्विचचे झिजलेले पॉइंट, फ्यूज बॉक्समधल्या सैल पत्त्या आणि भाजून काळा पडलेला होल्डर यांत असते. अर्थची घट असते ती रंग आणि गंज यांवर कसलेल्या थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाची धातूची कडी). तिथला पत्रा घासून चकचकीत करा, नवं थिंबल लावा आणि वरून ग्रीस चोपडा. एवढ्यानेही फरक दिसतो.

त्यानंतर रिले, म्हणजे स्विचच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. २४ व्होल्टचे दोन रिले घ्यायचे, एक डिपरचा, एक अप्परचा. अडीच चौरस मि.मी.ची तांब्याची वायर पुरते. रिलेच्या ३० नंबर पिनला बॅटरीकडून येणारा प्लस, ८७ वरून बल्बकडे, ८५ आणि ८६ यांत एकीकडे अर्थ आणि दुसरीकडे मूळ हेडलाइटची वायर, जी आता फक्त रिले ओढण्याचं काम करते. जुन्या स्विचवरचा भार त्यामुळे नाहीसा होतो. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणजे पुढे वायर कुठे घासून चेसिसला टेकली तरी आग लागणार नाही. त्यापुढे डाव्या आणि उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे, साडेसात अँपिअरचे. दोन्ही दिवे एकाच छोट्या फ्यूजवर ठेवले तर घाटात तो उडाल्यावर समोर पूर्ण अंधार होतो. वायर फ्लेक्झिबल पाइपमधून न्यायची आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट लावायचं. होल्डर प्लास्टिकचा न घेता सिरॅमिकचा घ्या. हे सगळं झाल्यावर बल्बवर २७.३ व्होल्ट आले.

इथे एक सक्त सूचना. काही ठिकाणी १२ व्होल्टचा एलईडी स्वस्त पडतो म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढून देतात. तसं करू देऊ नका. एका बॅटरीवर भार पडतो, दुसरीवर नाही. अल्टरनेटर मात्र दोघींना एकत्रच चार्ज करतो. भार असलेली बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते आणि काही महिन्यांत दोन्ही खराब होतात.

रिफ्लेक्टरही याच वेळी बघून घ्या. आतली चांदी काळवंडली असेल किंवा खड्यांनी काच धुरकट झाली असेल, तर कितीही भारी बल्ब घाला, उजेड पसरूनच जाणार. अशा गाडीला नवा रिफ्लेक्टर आणि हॅलोजन हीच पहिली खरेदी. ज्यांचा मुख्य प्रवास पावसाच्या भागात किंवा दुपदरी रस्त्यावर आहे, त्यांनी इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे: चांगला रिफ्लेक्टर, रिले, आणि ७५/७० चा चांगल्या कंपनीचा हॅलोजन. १००/९० वॉटचे बल्ब घालू नका, होल्डर आणि कपलर वितळतात.

आता एलईडीकडे. एच-४ हॅलोजनमध्ये डिपरची तार साधारण पाच मि.मी. लांब असते आणि तिच्या खाली धातूची लहान वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत झोत न जाण्याचं सगळं श्रेय या वाटीला आणि तारेच्या जागेला आहे. एलईडीच्या चिप्स त्याच जागी, तेवढ्याच आकारात आणि खाली वाटी घेऊन बसल्या तरच झोत बरोबर पडतो. म्हणून खरेदी करताना पाकिटावरच्या लुमेनकडे बघू नका, बल्ब हॅलोजनच्या शेजारी धरून बघा. चिप्सची पट्टी पातळ हवी, डिपरच्या चिप्स तारेच्या जागी हव्यात आणि वाटी खरोखर असायला हवी. चारही बाजूंनी किंवा तीन बाजूंनी चिप्स असलेला बल्ब एच-४ च्या दिव्यात कितीही पांढरा दिसला तरी घेऊ नये.

‘२०० वॉट, २०,००० लुमेन’ हे आकडे तपासायला डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) पुरतो. आमच्या बल्बने थंड असताना १.४ अँपिअर घेतले, म्हणजे २७.५ व्होल्टवर साडेअडतीस वॉट. अर्ध्या तासाने तोच करंट १.० वर आला, म्हणजे साडेसत्तावीस वॉट. बल्ब तापला की त्याचा ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) स्वतःच करंट कमी करतो, नाहीतर चिप जळेल. दुकानात दोन मिनिटं लावून दाखवलेला उजेड आणि धामनोद गाठेपर्यंतचा उजेड यांत त्यामुळेच फरक असतो. खरे दोनशे वॉट एवढ्याशा बल्बमधून बाहेर टाकता येतील असा हीटसिंकच तिथे मावत नाही. लक्स मीटर (पडणारा उजेड मोजणारा) नसेल तर मोबाइलचं ॲपही चालेल. त्याचा आकडा खरा नसतो, पण भिंतीपासून तेच अंतर ठेवून आधी आणि अर्ध्या तासाने मोजलं की घसरण कळते.

व्होल्टेजची पट्टी नीट वाचा. ९ ते १६ लिहिलेला बल्ब ट्रकमध्ये लगेच जाईल. ९ ते ३२ चालतो, पण चालत्या गाडीत २८ असतातच. रेग्युलेटर बिघडला किंवा बॅटरीची थिंबलं सैल असली तर त्यावरही उडी जाते. ९ ते ३६ चा मिळाला तर तोच घ्यावा.

बसवताना बॅटरीचा मायनस काढा. मागचं रबरी टोपण काढून स्प्रिंगची क्लिप सोडा, हॅलोजन बाहेर घ्या. एलईडीची कडी बल्बपासून वेगळी होते. आधी ती दिव्यात बसवा, रुंद दात वर येईल अशी, आणि क्लिप लावा. मग रबरी टोपण, त्यानंतर बल्ब घालून फिरवून लॉक करा. चिप्सची बाजू डावी-उजवीकडे आणि डिपरची वाटी खाली आलीच पाहिजे. कडीवरचा छोटा ॲलन स्क्रू कसून घ्या, नाहीतर ट्रकच्या थरथरीने बल्ब हळूहळू फिरतो आणि झोत तिरका होतो. हे आमच्याकडे एका बाजूला झालं, तेव्हा भिंतीवरची रेघ पाहूनच ते लक्षात आलं. टोपणाचं भोक मोठं कापू नका, पाणी आणि धूळ दोन्ही आत शिरतात. ड्रायव्हरची डबी लोंबकळत ठेवू नका, बल्बच्या मागच्या छोट्या पंख्यापासून लांब पट्ट्याने बांधा.

झोत लावल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची भिंतीवर खडूने मारा. दिवा एक मीटरच्या आसपास उंच असेल, तर डिपरची वरची रेघ त्या खुणेच्या १५ सें.मी. खाली यायला हवी. या कोनात झोत सुमारे ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. डाव्या बाजूला रेघ थोडी चढलेली दिसते, ती पादचारी आणि पाट्या दिसाव्यात म्हणून, ती तशीच असावी. आणि हे सगळं गाडी भरलेली असताना करा. माल भरला की मागचे पाटे बसतात, नाक वर उचललं जातं आणि रिकाम्या गाडीवर नीट लावलेला झोत समोरच्याच्या काचेत शिरतो. चौपदरीवर मध्ये दुभाजक असल्याने हे फारसं जाणवत नाही, सिमरोल घाटातल्या वळणांवर मात्र समोरून येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. तिथे एलईडीचा चुकीचा झोत म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे, हे मनापासून लिहितो.

प्रत्यक्ष वापरात अप्पर खूप सुधारला, त्यात शंका नाही. कोरड्या रस्त्यावर पाट्या, कडेला उभी बंद गाडी, जनावरं हॅलोजनपेक्षा आधी दिसतात. पण काही एलईडी बल्बांत अप्पर लावला तरी डिपरच्या चिप्स चालूच राहतात. गाडीसमोरची जमीन फार उजळते, डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचं उलट कमी दिसतं. घेताना हेही तपासा: अप्परवर डिपरच्या चिप्स विझल्या पाहिजेत.

पावसात मात्र निराशा झाली. ६,००० केल्विनचा (हा आकडा उजेडाच्या रंगाचा, जितका जास्त तितका पांढरा) पांढरा उजेड ओल्या डांबरावर जणू शोषला जातो, पट्टे आणि खड्डे एकसारखे दिसतात. थेंबांवरून परतणारी चमकही डोळ्यांना जास्त बोचते. मानपूरच्या उतारावर जोराच्या सरीत मूळ हॅलोजनची पिवळसर छटा जास्त कामाची होती. पुन्हा घ्यायचे झाले तर ४,३०० केल्विनचे घेईन, त्यांचा उजेड दिसायला कमी भारी असला तरी.

दुसरा त्रास वाफेचा. हॅलोजनच्या उष्णतेने काचेतली ओल आपोआप सुकायची. एलईडीची उष्णता मागे जाते, काच थंड राहते आणि पावसाळ्यात आतून दव धरतं. दिव्याचा गॅस्केट आणि हवेचं भोक साफ ठेवल्यावर ते कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

पंख्याच्या बल्बांत धूळ हा मोठा शत्रू. सिमेंट किंवा गहू भरणाऱ्या गाड्यांत पंख्याच्या पात्यांवर थर बसतो, आवाज सुरू होतो, मग पंखा थांबतो आणि बल्ब मंद होऊन शेवटी मिणमिणतो. आमच्या एका बल्बचा पंखा असाच गेला. सर्व्हिसिंगच्या वेळी ब्लोअरने हवा मारून घ्या, किंवा तांब्याच्या जाळीदार पट्ट्यांनी थंड होणारा बिनपंख्याचा बल्ब घ्या. तो मागे जागा जास्त खातो, एवढं बघून घ्या. एफएमवर खरखर येत असेल तर ड्रायव्हरच्या वायरीवर फेराइट कडी लावल्याने ती बरीच उतरते.

फायद्याची बाजू म्हणजे थरथर. २४ व्होल्टच्या बल्बची तार त्याच वॉटच्या १२ व्होल्टच्या तारेपेक्षा बारीक असते, म्हणून खराब रस्त्यावर लवकर तुटते. एलईडीत तारच नाही. पंखा सोडला तर एकही बल्ब गेला नाही. अल्टरनेटरवरचा हेडलाइटचा भार अर्ध्याहून कमी झाला, तोही जुन्या गाडीला उपयोगी.

कायद्याचंही स्पष्ट असू द्या. दिव्याची मंजुरी हॅलोजनच्या एच-४ साठी आहे. त्यात एलईडी बल्ब घालणं त्या मंजुरीत बसत नाही, त्यामुळे पोलीस किंवा फिटनेसवाले हरकत घेऊ शकतात. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दर वर्षी लागतो आणि त्यात झोतही तपासतात. रिलेचं वायरिंग करताना मूळ एच-४ कपलर कापू नका, म्हणजे दहा मिनिटांत हॅलोजन परत बसतो. केबिनमध्ये दोन २४ व्होल्ट हॅलोजन, साडेसात अँपिअरचे चार फ्यूज आणि एक रिले ठेवलेले असू द्या. सेंधव्याच्या पुढे रात्री पंखा बंद पडला तर एलईडी दुरुस्त होत नाही, हॅलोजन लावूनच बिजासन उतरावा लागतो.